मायच्या समोर बसून जेवलेली बाई

माझ्या मायला भज्जी करता येत नाही, असं मी लोकांना सांगत आलो. बायकोला सांगितलं, मुलांना सांगितलं, शाळेत सोबत्यांबरोबर डबा खाताना सांगितलं... आणि सांगताना हसलो. ते खोटं होतं. मी ते रचलं नव्हतं, गावात ऐकलं होतं. पण ज्या दिवशी ते कुणाला तरी रचावं लागलं, तो दिवस माझ्यामुळे आला होता, आणि हे मला माय गेल्यानंतर कळलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं, अशी रीत आहे. मी आधी माझं वाईट लिहून टाकतो, म्हणजे तिचं चांगलं लिहिताना हात अडखळणार नाही.

माय वैशाखात गेली. गुलबर्ग्याच्या ज्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो तिथं निकालाचं काम चाललं होतं. गावाकडून येणाऱ्या बसच्या कंडक्टरनं शिपायाजवळ निरोप ठेवला होता, ‘मास्तरला म्हणावं, माय बोलवायलीय.’ आमच्याकडं माणूस गेल्याचा निरोप असाच देतात, तोंडानं थेट कुणी सांगत नाही. हे मला ठाऊक असूनही मी तो निरोप अक्षरशः खरा मानला. निकालाचं काम पुरं केलं, घरी जाऊन जेवलो आणि मग हुमनाबादची गाडी धरली. हळ्ळीखेडच्या अलीकडं आमच्या फाट्यावर उतरलो तेव्हा वस्तीतली माणसं रस्त्यापर्यंत येऊन उभी होती. सगळे माझ्यासाठी थांबले होते, आणि मी पोटभर जेवून आलो होतो.

बुद्धवंदना झाली, मायला निरोप दिला. आमच्याकडं दुखवट्याच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे भाकरी घेऊन येतात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुरड्या येत होत्या. भाकरी, पिठलं, तुरीचं वरण, कुणाकडून वांग्याचं कालवण. त्यांत झाकणाची एक पितळी चरवी होती. उघडून पाहिली तर आंबील. ज्वारीचं पीठ आंबट ताकात भिजवून शिजवलेली, लसूण-जिऱ्याची, पातळ, गार आंबील. उन्हाळ्यात ती कुणीही पितं, पण दुखवट्याच्या घरी आंबील आणलेली मी कधी पाहिली नव्हती. मला नवल वाटलं. माझी थोरली बहीण शांताक्का दुरड्या एकीकडं लावत होती. तिला विचारलं,

“अक्का, ही आंबील कुणाकडची?”

“मल्लक्काची. सुनेच्या हाती पाठवलीय.”

“कोण मल्लक्का?”

शांताक्काच्या हातातली दुरडी तशीच राहिली. “कोण मल्लक्का म्हणायलास तू? आपल्या शेताशेजारची. धनगराची मल्लक्का. तू जेवणावरनं उठवलीस ती.”

मला आठवत नव्हतं असं नाही. मला नाव आठवत नव्हतं. मी उठवलेल्या बाईला नाव होतं, हे मी इतकी वर्षं ध्यानातच घेतलं नव्हतं. तिथून पुढचे दिवस मी बहिणीला, वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना, जो भेटेल त्याला मायच्या खाण्याजेवण्याबद्दल विचारत सुटलो. रडण्याच्या दिवसांत हा काय चौकशा करायलाय म्हणून लोक बघत. पण मला खरोखरच काही माहीत नव्हतं. मायनं मला काय काय खाऊ घातलं ते मी रात्रभर सांगू शकलो असतो. मायला काय आवडायचं? ती कधी जेवायची? कुणाबरोबर जेवायची? विज्ञानाचा मास्तर, पण घरातल्या या गोष्टीचं निरीक्षण शून्य.

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती, आणि तिचं कारण कधी विचारलं नव्हतं. माय आमच्याकडं पाठ करून जेवायची. गावाकडं सगळ्यांचं झालं की ती ताट घेऊन चुलीपुढं बसे, तोंड भिंतीकडं. मला वाटे, चुलीवर लक्ष असेल. पुढं मी नोकरीला लागलो, गुलबर्ग्याला घर केलं, जेवायचं टेबल आणलं. माय महिना-पंधरा दिवस राहायला यायची. टेबलाशी बसायची नाही. ठीक आहे, सवय नसेल. पण खाली फरशीवर बसली तरी ताट घेऊन कोपऱ्याकडं वळायची. माझी बायको म्हणायची, “आत्या, इकडं तोंड करून बसा की, भिंतीशी काय बोलायचंय?” माय हसायची आणि तशीच जेवायची. भराभर, आवाज न करता. मुलगी एकदा तिची नक्कल करायला लागली. ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली. आम्ही सगळे हसलो. मायही हसली.

याचं उत्तर शांताक्कानं दिलं, भाकरी मोडता मोडता, सहज. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. शेतात ज्वारी कंबरेला लागलेली असते. घरादारानं शेतात जायचं, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, त्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं पोट फुटेस्तोवर खायचं. त्या दिवशी वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. भज्जी म्हणजे तेलातली नव्हे. तूर, हरभरा, वाल, वाटाणा यांचे ओले दाणे, मेथी, हिरव्या लसणाची पात असं सगळं ताकात कालवलेल्या बेसनात शिजवायचं. अशी भज्जी वर्षातनं एकदाच होते. आम्ही बौद्ध होण्याआधी, म्हणजे माय नवी नवरी होती तेव्हा, आमच्या वस्तीतल्या बाया त्या दिवशी गावकऱ्यांच्या दुरड्या शेतापर्यंत पोचवायच्या. मग बांधावर बसायच्या. मालकांची पंगत उठली की यांच्या वाट्याचं वरून वाढायचे. आणि बसायचं ते पाठ करून, वाट बघतानाही आणि जेवतानाही. जेवणाऱ्यांच्या ताटावर नजर पडायला नको म्हणून.

“तिला तसंच बसायची सवय लागली,” शांताक्का म्हणाली. “आमी म्हणायचो, माय, आता आपल्याच घरात हायस, फिर की. ती म्हणायची, ‘हिकडं तोंड केलं की घास गिळत न्हाई बग.’”

मी माझी भाकरी खाली ठेवली. मुलीची ती नक्कल डोळ्यांपुढं आली...

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होतो. आमचा जिल्हा निजामाकडून निघून म्हैसूर राज्यात गेल्याला फार दिवस झाले नव्हते. अप्पा उर्दू शिकलेले, माझी शाळा कानडी आणि घरात मराठी, अशी सगळी खिचडी. घरातले देव अप्पांनी एका सकाळी फडक्यात बांधून ओढ्यात सोडले. माय मागं उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, “एकदाचं न्हाण झालं त्यांचं.” पुढं अप्पांना सरकारातून दोन एकर जमीन मिळाली, गावाच्या वरच्या अंगाला, नुसता मुरूम. दोघांनी दगड वेचून वेचून तिला शेत केलं. ज्वारी उभी राहिली त्या पहिल्या मार्गशीर्षात माय अप्पांना म्हणाली, “आपन येळवस करायची.” अप्पा म्हणाले, “देव न्हाई.” माय म्हणाली, “देव कोण मागायलंय? जेवन करायचं म्हणायलाव. आपल्या शेतात. कोण आलं तर त्याला वाढायचं.” अप्पांनी मान डोलावली.

पण अडचण वेगळीच होती. मायला भज्जीची चव घरागणिक ठाऊक होती. पाटलाकडं आंबट असते, वाण्याकडं दाणे कमी असतात, सगळं ठाऊक. बांधावर बसून वर्षानुवर्षं खाल्लेली. पण ती करतात कशी, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिला कुणी चुलीजवळ येऊ दिलं असतं तर ना! तेव्हा तिला भज्जी शिकवली मल्लक्कानं. मल्लक्काच्या घरची मेंढरं कमी होऊन शेती वाढली होती आणि तिचं रान आमच्या बांधाला लागून होतं. शांताक्का तेव्हा तिथं खुरपायला असायची. तिनं मला ते सगळं नकला करून दाखवलं. मल्लक्का तिच्या बाजूला पाटीत तूर तोडतेय, माय आमच्या बाजूला, आणि मधल्या बांधावरून आरडाओरडा चाललाय.

“लसूण पातीसगट घाल गं, सुभद्रे! पात टाकून दिलीस तर हाताला मारीन!”

“आन् पीठ कवा लावू?”

“दाणे बोटानं चेपले की मग. आदी लावलंस तर लापशी हुईल, दरोगाच्या बायकोची हुते तशी!”

“तिची लापशी हुती व्हय? मी म्हणलं, लई मोठ्या घरची रीत असंल!”

दोघी हसून हसून बांधावर बसल्या म्हणे. शेवटी मल्लक्का म्हणाली, “येळवसाला मीच येते जेवायला. बिघडली तर तोंडावर सांगीन. मग रडायचं न्हाई.”

हे वाचताना कुणाला साधं वाटेल. आमच्या गावात वरच्या घरांतून आमच्या वस्तीत अन्न येत होतं, नेहमीच. आमच्या वस्तीतून वर जात नव्हतं. आमच्या चुलीवरचं कुणी तोंडाला लावत नव्हतं. मल्लक्का उलट्या वाटेनं येणार होती, आणि आपल्या घरात न सांगता येणार होती.

मी त्या वेळी लातूरला कॉलेजात होतो. मराठी शिकायला मिळावं म्हणून अप्पांनी हद्दीपलीकडं पाठवलेलं. वसतिगृहात आम्ही पोरं रोज वाद घालायचो. कुणाच्या घरी अजून देव्हारा आहे, कुणाची आई लपून उपास करते, कुणी घरी जाऊन काय मोडून आला. मोडून आलेल्याचा मान मोठा. माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण अप्पांनी सगळं आधीच सोडलं होतं. याची मला, खरं सांगतो, लाज वाटायची. त्या वर्षी नाताळच्या सुट्टीआधीच दोन दिवस निघून मी अचानक गावी आलो. घर बंद. शेजारीण म्हणाली, सगळे शेतात गेलेत. येळवस आहे, हे माझ्या ध्यानात आलं आणि डोकं तापलं. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून मी शेतात गेलो.

लांबूनच दिसलं. कडब्याची कोप उभी होती. कोपीच्या तोंडाशी चुन्यानं पांढरे केलेले दगड. मोजले, पाच. आणि एक घोंगडीवाली परकी बाई मायच्या समोर बसून जेवत होती. दोघींचे गुडघे एकमेकींना लागलेले. माय तोंड भरलेलं असताना काहीतरी सांगत होती आणि हातवारे करत होती... मायला मी त्याआधी कुणाच्या समोर बसून जेवताना पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. आयुष्यात एकदाच मी ते पाहिलं आणि मला त्यात दिसले फक्त पाच दगड.

मी गेलो ते सरळ कोपीपाशी. दगडांना लाथ घातली. दोन दगडांच्या टेकूवर आंबिलीचं मडकं बसवलेलं होतं. ते कलंडलं, फुटलं. आंबील मुरमात मुरून गेली. मी त्या बाईला म्हणालो, “तुमचे देव तुमच्या शेतात ठेवा. आमाला परत त्यात ओढू नका. आमच्या मायला शिकवायला येत जाऊ नका.” असंच म्हणालो. वसतिगृहात बोलायचो तसल्या आवाजात. ती बाई माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मायकडं पाहिलं. मायनं मान हलवली, अगदी थोडी. बाईनं घोंगडी उचलून झटकली आणि बांध ओलांडून गेली. अप्पा विहिरीवरून घागर घेऊन आले. “काय केलास रे?” एवढंच म्हणाले आणि घागर घेऊन उभेच राहिले. मायनं फुटलेल्या खापऱ्या गोळा केल्या. मग एका ताटात भज्जी वाढून माझ्यापुढं ठेवली. “जेव,” म्हणाली, “उपाशीच आलास न्हवं.”

मी जेवलो. ती भज्जी कशी होती, मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला या दिवसांत, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी लातूरला परत गेलो आणि वसतिगृहात सगळं सांगितलं. पोरांनी पाठ थोपटली.

त्यानंतर गावात कधीतरी ऐकलं, सुभद्रेच्या हातची भज्जी काही खरी नाही. कुणाकडून ऐकलं, आठवत नाही. मला ते पटलं. माय पुन्हा कधी येळवस करताना दिसली नाही. मी समजलो, तिनं सोडलं. मला बरंही वाटलं. वर्षं गेली. अप्पा गेले. माय म्हातारी झाली. त्या प्रसंगाची आठवण झाली की थोडं टोचायचं, पण मी स्वतःला सांगायचो, पद्धत चुकली, मुद्दा बरोबर होता. या मुद्द्यानंच मला इतकी वर्षं झोप दिली.

तो मुद्दा शांताक्कानं एका वाक्यात काढून घेतला. मी तिला म्हणालो, “अक्का, पण मायनं ते दगड मांडायलाच नको होते.”

“कसले दगड?”

“पांडव.”

ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, “पांडव? तुळशीराम, चुलीचे दगड हुते ते, कोप नुसती सावलीला. तीन चुलीचे, दोन मडक्याला टेकू. भज्जी शेतात गरम करायची हुती, मल्लक्का येणार म्हणून. आन् पावनी येणार म्हणून मायनं चुना लावला. ‘काळे दगड बरे दिसत न्हाईत’ म्हणली. तू आजवर पांडव समजून बसलास व्हय?”

“मग मला कुणी सांगितलं कामून न्हाई?”

“माय म्हणली, सांगू नका. म्हणली, लाजंल आन् शिक्षण सोडून घरी येऊन बसंल.”

मी उठून बाहेर गेलो. वस्तीतली कुत्री, सायकलवाला, उन्हं, सगळं रोजचंच चाललेलं. चाळिशी उलटलेला माणूस, पण कुठं तोंड लपवावं कळेना. मला वाटलं, एवढ्यावर हे संपलं असेल. पण एक गोष्ट अजून उलगडत नव्हती. शेजारच्या शेतातली बाई, इतकी हिंमत करून जेवायला आलेली, एका पोराच्या बोलण्यावरून इतकी वर्षं का यावंसं वाटलं नाही तिला? मायच्या आजारपणातही ती आली नव्हती. अंत्ययात्रेच्या वेळी, शांताक्का सांगत होती, ती रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभी होती. रुसली असती तर आंबील पाठवली नसती. मग काय?

चरवी परत द्यायचं निमित्त होतं. मी स्वतः घासली, आणि तिसऱ्या प्रहरी धनगरगल्लीत गेलो.

मल्लक्का ओसरीवर बसून लोकर पिंजत होती. पाठीत वाकलेली, पण डोळे लख्ख. मला पाहून हात थांबवला नाही.

“मास्तर व्हय? या. आमच्या घरात देव हायत बरं का. चालतंय का तुमाला?”

सुनेनं पोतं अंथरलं. मी बसलो. चरवी पुढं ठेवली.

“पिलाव का आंबील?”

“पिलो.”

“बेस केलाव. सुभद्रेला लई आवडायची, गार. तिच्यासाठी पाठवली. ती गेली हे ठाऊक हाय मला, येडी न्हाई मी. पण मनाला वाटलं.”

मग मी विचारलं. सरळच विचारलं, कारण फिरवून विचारायला मला तोंड नव्हतं. “मल्लक्का, त्या दिवसानंतर तुमी आमच्यात जेवायला कामून आला न्हाईत?”

तिनं लोकर मांडीवर ठेवली. “तुझ्या मायनं सांगितलं न्हाई?”

“न्हाई.”

“मग ती खरीच पक्की निघाली,” मल्लक्का म्हणाली आणि हसली. मग सांगत गेली. ‘मास्तर’ सुटून ‘तू’वर कधी आली, तिला कळलं नाही. त्या दिवशी दिवेलागणीला माय तिच्या परसात येऊन उभी राहिली होती. कुडापलीकडं. मल्लक्काचे तीन दीर म्हणजे गावातली दांडगी माणसं. वस्तीतल्या पोरानं आपल्या घरच्या बाईला शेतात उठवलं, हे त्यांना कळलं असतं तर मी लातूरच्या गाडीपर्यंत पोचलो नसतो.

“सुभद्रा म्हणली, मल्लक्का, पाया पडते, सांगू नकोस. मी म्हणलं, सांगत न्हाई. पण बांधावरच्या बायांनी मला तुमच्या शेतात जाताना बघितलं हुतं. घरी विचारणार, गेलतीस कशाला, अर्ध्यात आलीस कशाला? तवा दोघी कुडाजवळ बसलाव आन् ठरवलाव. मी सांगायचं, चेष्टेनं गेलते, बगू म्हणलं यांना जमतंय का, तर भज्जी असली बेचव की घास टाकून आले. दीर हसले. गाव हसलं. इषय संपला.”

“आन् परत...”

“परत कशी येऊ? बेचव भज्जी खायला दुसऱ्यांदा कोण जातं बाबा? पुन्हा गेले असते तर पहिलं खोटं उघडं पडलं असतं. बोलायचो की आमी, रोज बांधावर. बोलायला काय. जेवलो न्हाई परत. आजारात घरी आले न्हाई ते त्यापायीच, आले असते तर घास पुढं आला असता, न्हाई कसं म्हणू?” तिनं लोकर पुन्हा हातात घेतली. “भज्जी झक्कास झालती. माझ्या हातापेक्षा चांगली. ते मी तिला कुडाजवळच सांगितलं. ती रडायली हुती, तरी विचारली, ‘खरं सांग, लसूण जास्त झाला का गं?’”

मल्लक्का स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “बसली तवा पहिल्यांदा पाठ करून बसली बग माझ्याकडं. मी म्हणलं, अगं, हिकडं फिर की. तुझ्या पाठीला विचारू व्हय, मीठ कुठाय म्हणून? मग फिरली. मग काय बोलायली, काय बोलायली... गप बसंना.”

सून चहा घेऊन आली. मल्लक्कानं तिला खुणेनं आत पाठवलं. मी हात जोडले आणि म्हणालो, “मल्लक्का, चुकलं माझं.”

“काय चुकलं?” तिनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, माझ्या ध्यानात काय आलंय ते. नुसतं ‘चुकलं’ म्हणून मी वर्गातल्या पोरांनाही सुटू देत नाही. मी पोत्यावरून पुढं सरकलो, तिच्या अगदी समोर बसलो, आणि तिच्या डोळ्यांत बघत एकेक सांगितलं.

“मल्लक्का, तुमी आमच्या चुलीवरचं खायला आलाव आन् मी तुमाला उठवलं. देव न्हवते, चुलीचे दगड हुते, मी बघितलं न्हाई आन् विचारलं न्हाई. मला वाचवायला तुमी खोटं बोललाव, आन् माझ्या मायनं आपल्या हाताला नाव ठेवून घेतलं, आन् ते नाव मीच हसत हसत लोकांना सांगत फिरलो. माझ्या मायच्या समोर बसून जेवणारं एकच माणूस हुतं जगात. ते मी तिच्यापास्नं तोडलं. तिला सांगायचं राहिलं. तुमाला सांगायलोय. मला माफ करा.”